भिंतीला हिरवा रंग द्यायचाय, पण नेमका कोणता? हिंगोलीचं ऊन, काळ्या मातीची धूळ आणि जुना हिरवा दरवाजा

गणपती उठले की हिंगोलीतल्या रंगाच्या दुकानांत वर्दळ वाढते. दसऱ्याच्या आत निदान ओसरी आणि बैठकीची खोली तरी रंगवून व्हावी, असं घरोघरी वाटत असतं. रामलीला मैदानावर दसऱ्याची तयारी सुरू झाली की पेंटर मिळणं अवघड, आणि मिळाला तरी तो तारीख देत नाही. अशा घाईत काउंटरवर मोबाइल पुढे केला जातो. त्यात रीलमधल्या कुठल्याशा घराची छान हिरवी भिंत असते. 'सेज', 'ऑलिव्ह', 'मॉस' असं काहीतरी तिचं नाव. मशीनमधून डबा तयार होऊन येतो, भिंतीवर दोन हात मारून होतात आणि रात्री ट्यूबलाइट लावल्यावर घरातलं कोणीतरी म्हणतं, "हे तर दवाखान्यासारखं दिसतंय."

डबा तोच असतो, रंगही तोच असतो. फरक पडतो तो उजेडाचा, भिंतीचा आणि आजूबाजूच्या मातीचा. हिंगोली जिल्ह्यात हिरव्या रंगाने घर सजवायचं तर या तिन्ही गोष्टी आधी पाहाव्या लागतात. चौथी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. ती म्हणजे घरात आधीपासून असलेला हिरवा ऑइलपेंट.

घरात हिरवा आधीपासूनच आहे

हिंगोलीचं शिवार जुलैपासून दसऱ्यापर्यंत हिरवं असतं. सोयाबीन पिवळं पडून काढणीला आलं की चित्र बदलतं. हळदीचे आणि उसाचे पट्टे सोडले तर फेब्रुवारीनंतर नजर जाईल तिथे काळी-करडी जमीन. बाहेर नसलेला रंग घरात असावा, ही ओढ त्यामुळे आजची नाही आणि रील्समुळे आलेली नाही.

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात हिरवा पहिल्यांदा जमिनीवर दिसतो. शेणाने नुकती सारवलेली भुई ओली असताना गडद हिरवट असते, वाळली की खाकीकडे झुकते. कडेने चुन्याची पांढरी रेघ ओढली की ती छटा आणखी उठून दिसते. मग दारं-खिडक्या. चौकट, कडीकोयंड्याचं दार, गजांची खिडकी यांना हिरवा ऑइलपेंट देण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे की गावातल्या कुठल्याही गल्लीत तो रंग सापडतो. अंगणात तुळस. दारावर आंब्याच्या पानांचं तोरण. हातात हिरवा चुडा, डोहाळेजेवणाला हिरवी साडी. आणि त्याच गल्लीतल्या मुस्लिम घरांतही हिरवा तेवढाच जवळचा, दर्ग्यावरची चादरही हिरवी. या रंगावर एकाच कोणाचा हक्क सांगणाऱ्यांनी हिंगोलीतल्या दोन-चार गल्ल्या फिरून पाहाव्यात.

छटांची नावंही आपल्याकडे तयार आहेत, पण ती रंगाच्या दुकानात नाहीत, साडीच्या दुकानात आहेत. पोपटी, शेवाळी, मोरपंखी, मेंदी, पिस्ता, चिंतामणी, बाटली हिरवा. 'सेज' म्हणजे काय हे शोधत बसण्यापेक्षा हवी ती साडी, ब्लाउजपीस किंवा सरळ झाडाचं पान घेऊन दुकानात गेलं तर काम सोपं होतं. अनेक दुकानांतल्या मशीनवर नमुन्याला जुळणारी छटा काढून मिळते. पान मात्र ताजं हवं. संध्याकाळपर्यंत तेच पान वेगळ्याच रंगाचं झालेलं असतं.

हळदीच्या जिल्ह्यात हळदीपासून हिरवा का होत नाही?

पिवळा आणि निळा मिसळला की हिरवा होतो, हे शाळेत सगळे शिकतात. हिंगोली जिल्हा तर हळदीचा. वसमतला हळदीचं संशोधन केंद्र आहे, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. घरात नीळ असतेच, पांढऱ्या चुन्याला उजळपणा यावा म्हणून चिमूटभर नीळ टाकायची पद्धतही जुनी आहे. मग चुन्यात हळद आणि नीळ टाकून घरच्या घरी हिरवी भिंत का होऊ नये?

करून पाहिलं तर भिंत हिरवी होत नाही, लालसर होते. हळदीतला पिवळेपणा ज्या घटकामुळे येतो त्याचं नाव कुरकुमिन. त्याची चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाशी गाठ पडली की तो तांबडा होतो. हळदीपासून कुंकू होतं ते याच गुणामुळे. कपड्यावर वरण सांडलं आणि त्यावर साबण लावला की पिवळा डाग क्षणात लाल होतो, तेही याचमुळे.

कापडावर मात्र हा मेळ जमतो. निळीत बुडवलेलं कापड हळदीत रंगवून हिरवं करण्याची रंगाऱ्यांची रीत जुनी आहे. अडचण उन्हाची. हळदीचा रंग उन्हात लवकर उडतो आणि खाली निळा उरतो. युरोपातल्या कित्येक जुन्या विणलेल्या पडद्यांवरचं गवत आज निळं दिसतं, त्याचं कारणही तेच. तिथे पिवळा हळदीचा नव्हता, दुसऱ्या एका वनस्पतीचा होता, पण आधी विटला तो पिवळाच.

मग भिंतीवर टिकणारा हिरवा कुठून येतो? त्याचं उत्तर मराठवाड्यातच आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत भाताचं तूस आणि गवताचे तंतू मिसळलेल्या मातीच्या गिलाव्यावर चित्रं काढलेली आहेत. त्यातली उत्तरकाळातली चित्रं सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीची. त्यातला हिरवा पानाफुलांचा नाही, तो एका हिरव्या मातीचा आहे. दख्खनचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्याच्या पोकळ्यांत सेलॅडोनाइट नावाचं हिरवट खनिज सापडतं. या जातीच्या हिरव्या मातीचा रंग मंद असतो, चटकन डोळ्यात भरत नाही, पण चुन्याने बिघडत नाही आणि उजेडाने सहसा विटत नाही. आज 'सेज' म्हणून जो खपतो, तो धुरकट हिरवा याच घराण्यातला दिसतो.

हे सगळं सांगायचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. नवीन सिमेंटचं प्लास्टरही चुन्यासारखंच अल्कधर्मी असतं. घाईघाईत ओल्या प्लास्टरवर रंग दिला की काही महिन्यांत हिरव्यावर फिके, पिवळट डाग पडतात आणि दोष पेंटरच्या माथी जातो. प्लास्टर पाणी मारून झाल्यावर किमान महिनाभर वाळू द्यावं, पावसाळा असेल तर त्याहून जास्त, आणि आधी प्रायमर द्यावा. चुन्याच्याच भिंतीला हिरवा हवा असेल तर दुकानात 'चुन्यात चालणारी' पूड मागावी. प्रत्येक हिरवी पूड चुन्यात टिकत नाही.

दवाखान्यासारखं का दिसतं?

१९१४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या हॅरी शर्मन या शल्यचिकित्सकाने आपलं ऑपरेशन थिएटर पांढऱ्याऐवजी हिरवं करून घेतलं. पांढऱ्याशुभ्र भिंतींवर दिव्यांचा उजेड पडून डोळे दिपायचे. त्यात तासभर लाल रक्ताकडे पाहून नजर पांढऱ्या भिंतीवर गेली की तिथे हिरवट सावल्या तरंगायच्या. लाल आणि हिरवा एकमेकांचे विरुद्ध रंग असल्याने डोळ्याला होणारा हा भास आहे. भिंतच हिरवी केली की तो जाणवत नाही. पुढे हा रंग जगभरच्या हॉस्पिटलांत गेला, डॉक्टरांच्या कपड्यांवर गेला. हिरव्या भिंतीचा आणि दवाखान्याचा डोक्यात बसलेला संबंध इथून येतो.

पण प्रत्येक हिरवा तसा दिसत नाही. निळ्याकडे झुकणारा, मध्यम गडद हिरवा आणि त्यावर पांढराफेक उजेड, हा मेळ झाला की दवाखाना. एलईडी दिव्याच्या खोक्यावर ६५०० के असं लिहिलेलं असेल तर तो निळसर पांढरा उजेड देतो, ३००० केच्या आसपास असेल तर पिवळसर. म्हणजे भिंत पुन्हा रंगवण्याआधी शंभर-दीडशे रुपयांचा पिवळसर दिवा लावून पाहणं शहाणपणाचं. त्याने न भागलं तर पिवळ्याकडे झुकणारी छटा निवडावी, म्हणजे मेंदी किंवा फिका शेवाळी.

दिशा पाहणंही गरजेचं. उत्तरेच्या खिडकीतला उजेड थंड आणि सारखा असतो, तिथे निळसर हिरवा आणखी उदास होतो. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळी तांबूस उन्हं येतात, तिथे तोच रंग छान उजळतो. दारासमोर लिंबाचं झाड असेल तर खोलीत हिरवट उजेड येतोच, अंगणात मुरूम असेल तर तांबडा. शेडकार्डवरचा चौकोन बोटभर असतो, त्यावरून यातलं काहीच कळत नाही. छोटा डबा आणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन बाय दोन फुटांचा पट्टा मारावा आणि सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात पाहावा. पेंटर कुरकुर करतो, करू द्यावी.

हिरव्या भिंतीने घर थंड होतं का?

नाही. हिरव्याकडे पाहून बरं वाटतं, पण भिंतीच्या आतल्या रंगाने खोलीचं तापमान खाली येत नाही. हिंगोलीत उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. तेव्हा प्रश्न असतो तो बाहेरच्या भिंतीचा आणि त्याहून जास्त छताचा.

बाहेरून गडद रंग उन्हाची उष्णता जास्त शोषतो. अनेक कंपन्यांच्या शेडकार्डवर छटेजवळ उजेड परतवण्याचा आकडा असतो, शून्य ते शंभर. फिका पिस्ता साधारण साठच्या वर, बाटली हिरवा दहाच्या आसपास. पश्चिमेच्या भिंतीला बाटली हिरवा देणं म्हणजे मे महिन्यात रात्री अकरापर्यंत भिंत तापलेली ठेवणं. बाहेरून भडक पोपटीही जपून द्यावा. त्यातला पिवळा आधी विटतो आणि दोन-तीन उन्हाळ्यांत भिंत फिकट निळसर होते. स्लॅबवर तर हिरवा नकोच, तिथे साधा पांढरा चुना जास्त काम करतो.

खरा गारवा देणारा हिरवा हिंगोलीकरांना ठाऊक आहे. एप्रिलमध्ये गच्चीवर, पत्र्यासमोर, दुकानाच्या पायरीवर बांधली जाते ती शेडनेटची हिरवी जाळी. ती सावली करते म्हणून फरक पडतो, हिरवी आहे म्हणून नाही. जाळी ५० टक्के, ७५ टक्के, ९० टक्के अशा सावलीच्या प्रमाणाने मिळते. माणसांसाठी बांधायची तर ७५ किंवा ९० टक्क्यांची घ्यावी, रोपांसाठी ५० टक्क्यांची बरी. छताला टेकवून न बांधता दोन-तीन फूट वर बांधली तर खालून वारा खेळतो. पश्चिमेच्या भिंतीवर चढवलेला गिलक्याचा किंवा दोडक्याचा वेलही हेच काम करतो, वर भाजी मिळते ती वेगळीच.

आतल्या भिंतींचा प्रश्न उन्हापेक्षा धुळीचा आहे. काळ्या मातीची बारीक धूळ, तेल लावलेल्या डोक्याचे डाग, मुलांचे हात, फरशी पुसताना उडणारं पाणी, हे सगळं भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांत होतं. जिल्हा परिषदेच्या शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत खाली गडद ऑइलपेंटचा पट्टा आणि वर फिका रंग का असतो, ते यावरून कळतं. आजकाल तो पट्टा जुनाट समजून काढून टाकतात. खरं तर काळ्या मातीच्या गावात तो सर्वांत अक्कलहुशारीचा प्रकार आहे. खाली शेवाळी, वर मोतिया किंवा फिका पिस्ता आणि मध्ये बोटभर पांढरी रेघ, एवढं केलं तर शाळेची आठवण येत नाही आणि भिंत दिवाळीनंतरही स्वच्छ राहते.

कुंड्यांबद्दल थोडक्यात. मनी प्लांट किंवा सर्पपर्णी ठेवली की घरातली हवा शुद्ध होते, असे मेसेज फिरत असतात. त्यामागे नासाचा १९८९ चा अहवाल आहे, पण ते प्रयोग छोट्या हवाबंद पेटीत झाले होते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. उघड्या खिडकीतून हवा जेवढी बदलते तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर एका चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. झाडं छान दिसतात म्हणून जरूर ठेवावीत. मनी प्लांट आणि डिफेनबाकियाची पानं मात्र रांगत्या बाळाच्या हाती लागू देऊ नयेत. ती चघळल्यास तोंड आणि घसा सुजतो.

जुना हिरवा दरवाजा घासण्याआधी

आता ऑइलपेंटकडे. हिरव्या रंगाचा इतिहास विषाचा आहे. १७७५ मध्ये कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक यांपासून झळझळीत हिरवा तयार केला. युरोपात तो भिंतीवर चिकटवायच्या कागदांत वापरला गेला. त्याचाच पुढचा भाऊ पॅरिस ग्रीन इतका जहाल होता की नंतर तो पिकांवर कीटकनाशक म्हणून फवारला जाऊ लागला. ते रंग बंद झाले. त्यानंतर हिरव्यासाठी आलं शिसं. लेड क्रोमेट नावाचा पिवळा आणि त्यात निळा मिसळून स्वस्त, झाकणारा, टिकाऊ हिरवा तयार होई. म्हणूनच ऑइलपेंटमध्ये पिवळ्या, केशरी, लाल आणि हिरव्या छटांत शिशाचं प्रमाण जास्त आढळत आलं आहे.

भारतात यावर सक्तीची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा तो नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. नवीन डबा घेताना त्यावर तसं छापलंय का, हे पाहावं. सुटा, बिनलेबलचा ऑइलपेंट स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

पण घरातला दरवाजा त्याआधीचा असेल तर? त्यावर रंगाचे चार-पाच थर असतात, काही आजोबांच्या काळातले. नुसतं पाहून त्यात शिसं आहे की नाही, हे कळत नाही. थर घट्ट बसलेला असेल तोवर फारसा धोका नसतो. धोका सुरू होतो पॉलिश पेपर हातात घेतल्यावर. कोरडं घासलं की हिरवी भुकटी उडते, ती ओसरीवर, खाटेवर, पाण्याच्या माठावर बसते. रांगणारं मूल जमिनीवर हात टेकतं आणि तेच हात तोंडात घालतं. लहान मुलांच्या शरीरात शिसं मोठ्यांपेक्षा जास्त शोषलं जातं आणि त्याचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. बुद्धी, लक्ष, शिकण्याची क्षमता कमी होते, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. शिशाची कोणतीच मात्रा सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतकं शिसं आहे. ते सगळं रंगातून आलेलं नाही. बॅटऱ्या, भांडी, मसाल्यांतली भेसळ अशी बरीच कारणं आहेत. पण दिवाळीआधीचा दरवाजा आपल्या हातात असतो.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे न घासणं. रंग सुटत नसेल तर दार साबणाच्या पाण्याने धुवून, वाळवून त्यावरच नवा हात मारावा. पोपडे निघत असतील तर तेवढाच भाग पाणी मारून ओला करून वॉटरपेपरने घासावा. बत्तीने रंग जाळून काढायचं टाळावं, त्यातून शिशाची वाफ निघते. दार बिजागरीतून काढून अंगणाबाहेर नेता आलं तर उत्तम. त्या दिवशी मुलं आणि घरात गरोदर बाई असेल तर ती दुसरीकडे असावीत. काम करणाऱ्याने तोंडाला चांगला मास्क लावावा, हातपाय धुतल्याशिवाय बिडी किंवा जेवण नको, कपडे वेगळे धुवावेत. साध्या रुमालाने ही धूळ अडत नाही. खाली आधीच प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि नंतर केरसुणी न फिरवता ओल्या फडक्याने दोनदा पुसून घ्यावं.

आणि दार बदलायचंच ठरलं असेल तर जुनं लाकूड चुलीत किंवा पाणी तापवायच्या बंबात घालू नये. सागाचं वाळलेलं लाकूड छान पेटतं, त्यामुळे मोह होतो. पण शिसं जळून नाहीसं होत नाही, थोडं धुरात जातं आणि बाकीचं राखेत उरतं. तीच राख पुढे भांडी घासायला घेतली जाते किंवा परसातल्या मेथी-पालकाच्या वाफ्यात पडते.